बिलाची तारीख आधी ठरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मिरजेत आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. मशीन माझे यजमान आणि दोन कारागीर सांभाळतात. हिशोब, बिलं आणि वसुली माझ्याकडे. मिरज दवाखान्यांचं गाव, त्यामुळे निम्म्याहून जास्त काम दवाखान्यांचं असतं: केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेची पाकिटं, रिपोर्टच्या फाइली, औषधं लिहून द्यायची पॅड. उरलेलं शाळांचं, पतसंस्थांचं आणि लग्नसराईत पत्रिकांचं. लघुउद्योगांच्या अडचणींबद्दल आपल्या अंकात वेळोवेळी वाचते. वीजदर, जागेचं भाडं, कर्जाचे हप्ते, माणसं मिळत नाहीत, सगळं खरं आहे. पण केलेल्या कामाचे पैसे वेळेवर न मिळणं हे दुखणं या सगळ्याहून मोठं आहे आणि त्याबद्दल आम्ही धंदेवाले चारचौघांत तोंड उघडत नाही. आपलीच पत जाईल असं वाटतं. शिवाय ज्याच्याकडे बाकी आहे तो गावातलाच, उद्या लग्नात, परवा गणपतीच्या मांडवात समोर येणार. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आज ना उद्या पैसे येणारच आहेत, मग एवढी घाई कशाला? त्यांच्यासाठी एका कामाचा हिशोब मांडते. एका दवाखान्याच्या ५,००० फाइली, दर ८ रुपये, म्हणजे ४०,००० रुपयांचं काम. त्यात बोर्डाचे, म्हणजे फाइलीच्या जाड पुठ्ठ्याचे, साधारण १७,००० जातात. बोर्ड कोल्हापूरहून येतो. कागदवाला जुना, तरी आठवड्याच्या पुढे उधारी देत नाही, आणि त्याचं बरोबर आहे, त्यालाही मिलचे पैसे आधी भरावे लागतात. छपाईच्या प्लेटा आणि लॅमिनेशन मिळून ७,०००, ते काम बाहेर होतं आणि तिथे रोख. पंचिंग आणि चिकटवणं ६,०००. चिकटवायचं काम आमच्या गल्लीतल्या बायका घरी करतात, नगावर. त्यांचा हिशोब शनिवारी संध्याकाळी होतो आणि तो आम्ही कधी पुढे ढकलत नाही. उरलेल्या १०,००० मध्ये शाई, वीज, कारागिरांचा पगार, भाडं, बँकेचं व्याज आणि उरलं तर आमचं घर. वर १८ टक्के जीएसटी धरला तर ७,२०० रुपये. ते गिऱ्हाइकाने आम्हाला दिलेले असोत वा नसोत, बिल फाडलं की पुढच्या महिन्यात सरकारला भरावेच लागतात.

आता हे बिल चार महिने अडकलं असं समजा. कागदवाला, प्लेटवाला, लॅमिनेशनवाला, चिकटवणाऱ्या बायका, सरकार, सगळ्यांचे पैसे आमच्या खिशातून गेलेले. आमचा खिसा म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट खातं, धंद्यासाठी कर्जाऊ उचल घ्यायचं, जिथे दर महिन्याला व्याज पडतं. चार महिने त्या दवाखान्याला आम्ही बिनव्याजी पैसे वापरायला दिले आणि ते आणले व्याजाने. असे पाच-सहा दवाखाने एकदम आले की मशीन दिवसरात्र चालूनही खात्यात काही उरत नाही. अशाने काम असतानाच बंद पडलेले छापखाने मी पाहिले आहेत.

बिल नेमकं कुठे अडकतं, हे बहुतेक जण शोधतच नाहीत. फोन करतात, "पेमेंटचं काय झालं?" असं विचारतात, "बघतो" असं उत्तर येतं, आणि महिना जातो. मोठ्या दवाखान्यात माल आधी स्टोअरमध्ये जातो. तिथला माणूस चलनावर, म्हणजे मालाबरोबरच्या पोचकागदावर, सही करतो. स्टोअरमधून नोंद अकाउंट्सला जाते, अकाउंट्सवाले बिल आणि चलन जुळवतात, मग प्रशासकाची सही, मग विश्वस्तांपैकी एकाची, आणि मग आठवड्यातल्या ठरलेल्या वारी पैसे सुटतात. यातल्या कुठल्याही टेबलावर एक कागद कमी पडला की बिल तिथेच झोपतं. तुम्हाला कुणी कळवत नाही. कळवणं हे तिथल्या कुणाचंच काम नसतं.

आमच्याकडे चलनाचं बुक तीन प्रतींचं आहे, पांढरी, गुलाबी, पिवळी. पांढरी मालाबरोबर, गुलाबी बिलाला जोडायला, पिवळी आमच्या बुकात. पूर्वी टेम्पोवाला माल उतरवून कुणाची तरी सही घेऊन यायचा. सही म्हणजे एक फराटा. नाव नाही, तारीख नाही, शिक्का नाही. महिन्याने अकाउंट्समध्ये विचारलं की उत्तर यायचं, "वहिनी, ही सही आमच्यातल्या कुणाची आहे ते सांगा, मग बघू." आता चलनाच्या तळाशी चार रकाने छापून घेतलेत: माल मोजून मिळाला, घेणाऱ्याचं नाव, तारीख, संस्थेचा शिक्का. चारही भरल्याशिवाय टेम्पो हलत नाही. स्टोअरचा माणूस जेवायला गेला असेल तर थांबायचं. बिल त्याच दिवशी, गुलाबी प्रत टाचून, अकाउंट्सच्या माणसाच्या हातात, आणि आपल्या प्रतीवर त्याचीही पोच. एवढ्या एका गोष्टीने आमची बरीच थकबाकी सुटली. मुद्दाम पैसे बुडवायचे असं मनात असणारी गिऱ्हाइकं थोडी असतात. बरीच बिलं नुसत्या अव्यवस्थेने थकतात आणि ती अव्यवस्था आपण आपल्या बाजूने बंद करू शकतो.

तारखेच्या त्या रकान्याला कायद्यातही वजन आहे, आणि हे माझ्यासारख्या प्रत्येक छोट्या धंदेवाल्याला माहीत असायला हवं. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा आहे. त्यातल्या १५ व्या कलमानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काहीच लेखी ठरलं नसेल तर १५ दिवस. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे. मालाबद्दल तक्रार असेल तर ती खरेदीदाराने १५ दिवसांच्या आत लेखी कळवायला हवी; कळवली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. दोन महिन्यांनी पैसे मागायला गेल्यावर "फाइलींचा रंग जरा फिकट आलाय" असं ऐकवतात ना, त्याला हे उत्तर आहे. काही संस्थांच्या पर्चेस ऑर्डरवर "पेमेंट ९० दिवसांनी" असं छापलेलं असतं. त्यावर आपली सही असली तरी कायदा ४५ च्या पुढे जाऊ देत नाही.

मुदत उलटली की १६ व्या कलमाप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. बँक दर साडेसहा टक्के धरला तर वर्षाला साडेएकोणीस टक्के झाले. बिलावर खाली हे कलम ठळक छापलेलं असतं आणि त्याशेजारी आमचा उद्यम नोंदणी क्रमांक, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी असलेल्या नोंदीचा. मुद्दल आलं तर व्याजासाठी मी अडून बसत नाही. पण ते व्याज तो मला देणं लागतो, हे समोरच्याला ठाऊक असलं की बोलण्याचा सूर बदलतो. आपण हात पसरून उभे नाही, हे दोघांनाही कळतं.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, फुकट होते. तिच्यासाठी एजंटला हजार-दोन हजार मोजणारी माणसं अजून भेटतात, त्यांना हात जोडून सांगते, पैसे देऊ नका. एक मात्र लक्षात ठेवा. तयार माल आणून विकणाऱ्या दुकानदारालाही उद्यम क्रमांक मिळतो, पण त्याचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता. उशिरा मिळालेल्या पैशांबद्दलचं हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. आमच्या शेजारच्या स्टेशनरीवाल्याला ते लागू नाही, आम्हाला आहे. हा फरक मला न्याय्य वाटत नाही, त्याचीही बिलं त्याच दवाखान्यात अडकतात.

गेल्या काही वर्षांत आयकराच्या कलम ४३बी(एच) ची बरीच चर्चा झाली. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, म्हणजे २०२३-२४ च्या हिशोबापासून, ते लागू झालं. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला बाकी राहिले, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षीच्या हिशोबात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरावा लागतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्हालाच फोन येऊ लागले: "तुम्ही मायक्रो की स्मॉल? सर्टिफिकेट पाठवा, बाकी किती ते कळवा." चांगलं झालं, मार्चमध्ये पैसे सुटायला लागले. पण या कलमाचा जोर मार्चअखेरीपुरताच. एप्रिलचं बिल डिसेंबरात दिलं तरी त्याला कात्री लागत नाही, कारण वर्ष तेच. आणि आमच्या गावाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही कात्री धंद्याच्या नफ्यावर कर भरणाऱ्याला बोचते. इथल्या अनेक शाळा आणि दवाखाने धर्मादाय न्यासाचे. करमाफी असलेल्या न्यासाला त्याची तशी झळ नाही.

जीएसटीचंही तसंच आहे. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, व्याजासकट परत करावं लागतं, असा नियम आहे. कारखानदार त्याला घाबरतात. दवाखान्याची उपचारसेवा आणि शाळेचं शिकवणं जीएसटीतून मुक्त, त्यामुळे ते सहसा क्रेडिट घेतच नाहीत, मग परत काय करणार? करकायद्याचे हे दोन्ही चिमटे ज्या गिऱ्हाइकांना लागत नाहीत, नेमकी तीच मिरजेत आमची मोठी गिऱ्हाइकं आहेत. २००६ चा कायदा मात्र त्यांनाही लागू आहे, कारण त्यात खरेदीदार म्हणजे मोबदला देऊन माल किंवा सेवा घेणारा कोणीही. न्यास म्हणून सूट नाही.

आता माणसांबद्दल. दवाखान्याची बाजूही मी जवळून बघते. रुग्ण कॅशलेस विम्यावर येतो, विमा कंपनीचे पैसे महिन्यांनी येतात, त्यातही कापाकापी होते. सरकारी योजनांचे पैसे तुंबतात. डॉक्टरांना सिस्टर, वॉर्डबॉय, ऑक्सिजन, औषधं यांचे पैसे थांबवता येत नाहीत, मग जो सगळ्यात कमी ओरडतो त्याचं बिल मागे राहतं. छापखानेवाला, धोबी, डबेवाला, चादरी आणि गाऊन शिवणारी बाई. आमच्यावाचून ऑपरेशन अडत नाही, म्हणून आम्ही शेवटी. हे मला समजतं, पण पटत नाही. केसपेपरशिवाय ओपीडी एक तास चालवून बघावी.

खरोखर अडचणीत असलेल्याला मी वेगळं धरते. एका छोट्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी स्वतः बोलावून सांगितलं, "वहिनी, सोनोग्राफी मशीनचा हप्ता डोक्यावर बसलाय, तुमचे एकदम देता येणार नाहीत." मी म्हटलं, "डॉक्टर, एकदम नकोतच. सहा चेक द्या, दर महिन्याच्या १० तारखेचे. आणि नवीन काम लागेल ते रोखीने देते, अडवणार नाही." त्यांनी दिले, सगळे वटले. आजही ते आमचं चांगलं गिऱ्हाईक आहे. चेक घेताना एवढंच सांभाळायचं की तो त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत गेला पाहिजे. परत आला तर बँकेचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात, आणि त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार करायची. या तारखा चुकल्या की हातातला चेक कोर्टात मोठ्या अडचणीचा होतो.

याउलट एका शिक्षणसंस्थेचं सांगते, नाव घेत नाही. उत्तरपत्रिका, प्रगतिपुस्तकं, डायऱ्या, सगळं जूनच्या आत हवं, दिवसातून चार फोन. पैसे विचारले की दिवाळीनंतर. दिवाळीनंतर विचारलं की "फी गोळा व्हायची आहे". फी तर पालकांकडून जूनमध्येच घेतलेली असते, आमच्या ओळखीच्या मुलांची पावती मी पाहिली आहे. त्यांच्याकडे पैसे होते, ते आमच्यापर्यंत पोचवायचे नव्हते. तेव्हा आम्ही मे महिन्यात, नवीन डायऱ्यांचं प्रूफ पास झाल्यावर, प्लेट काढायच्या आधी लेखी कळवलं: मागचं बिल पूर्ण आणि नवीन कामाचे निम्मे आगाऊ आल्याशिवाय काम मशीनवर चढणार नाही. यजमानांना धास्ती होती, गिऱ्हाईक जाईल. गावात दुसरे छापखाने आहेतच. मी म्हटलं, जाऊ दे, कागद तरी आपला वाचेल. आठवड्यात पैसे आले. आवाज चढवायची वेळ आली नाही, अपमान झाला नाही, कुणाचा झाला नाही. जोर आपल्याकडे असतो तो काम हातात असतानाच. माल पोचला की तो जोर गेला.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. वसुली बिल थकल्यावर सुरू होत नाही, ती ऑर्डर घेताना सुरू होते. कोटेशनवरच लिहा: आगाऊ किती, उरलेले किती दिवसांत, कोणाच्या सहीने, कोणत्या वारी. समोरच्याची सही घ्या. ज्याला द्यायचे आहेत तो सही करायला कचरत नाही. ज्याच्या कपाळावर आठी पडते, त्याचा अंदाज तिथेच येतो. आपल्याकडे ही बोलणी करायची लाज वाटते. "ओळखीत कसलं लिहून घ्यायचं?" असं म्हणतात. भीड ही भिकेची बहीण, हे आमच्या सासूबाई नेहमी म्हणायच्या, आणि त्या स्वतः कंपोझिंगच्या केसपाशी उभं राहून खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायच्या त्या काळातही विसार घेतल्याशिवाय लग्नपत्रिकेला हात लावत नसत.

तगादा लावायचीही रीत असते. मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी माझा फोन जातो, अकाउंट्सच्या माणसाला. "दादा, बिलात काही कमी नाही ना? कागद काही हवा असेल तर आजच पाठवते." पैशाचा शब्दही नाही. मुदतीच्या दिवशी व्हॉट्सअॅपवर उतारा: बिल क्रमांक, तारीख, रक्कम, देय तारीख. आठवडा उलटला की प्रशासकांना पत्र, पोच घेऊन. त्यापुढे कलमाचा उल्लेख असलेलं पत्र, स्पीड पोस्टाने. रोज उठून फोन केल्याने समोरचा निबर होतो, म्हणून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसाला, आणि दर वेळी एक पायरी वर. डॉक्टरांना ओपीडीत रुग्णांसमोर गाठून पैशाचं काढायचं नाही, हे आम्ही पाळतो. तसं करणारे आहेत, त्यांना पैसे मिळतातही, पण रुग्णाच्या मनात आपल्या डॉक्टरबद्दल शंका पेरायचा हक्क छापखानेवाल्याला नाही.

दर ३१ मार्चला प्रत्येक गिऱ्हाइकाकडून शिल्लक मान्यतेचं पत्र सही-शिक्क्यानिशी घ्या. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत समोरच्याने बाकी लेखी मान्य केली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. "दोन-चार वर्षांनी बघू" म्हणणाऱ्याला हे पत्र पुरेसं असतं.

निवडणुकीच्या कामाबद्दल वेगळं लिहावं लागेल, इथे थोडक्यात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७अ कलमाने प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो, प्रकाशकाकडून दोघांच्या साक्षीचं सहीचं निवेदन घ्यावं लागतं. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब सादर करावा लागतो. त्यामुळे त्या ३० दिवसांत आपलं बिल त्याच्या हातात पोचलेलं हवं. आम्ही मात्र प्रचाराचं काम पूर्ण पैसे आल्याशिवाय घेतच नाही, कुठल्याही पक्षाचं असो.

एवढं करूनही जो देत नाही, त्याच्याविरुद्ध सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते; त्यासाठी २०१७ मध्ये समाधान पोर्टल सुरू झालं. उद्यम क्रमांक टाकायचा, ऑर्डर आणि बिलांच्या प्रती जोडायच्या, अर्ज सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जातो. तिथे आधी समेटाचा प्रयत्न, नाही जमलं तर लवाद. कायद्यात ९० दिवसांत निकाल द्यावा असं आहे, प्रत्यक्षात वेळ जास्त जातो, आणि हे सरकारने मनावर घेतलं पाहिजे. परिषदेचा निकाल विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल, तर निकालाच्या रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. तारखा पाडत वेळ काढणाऱ्याला ही अट जड जाते. आम्ही एका संस्थेविरुद्ध अर्ज दाखल केला होता. सुनावणीपर्यंत गेलंच नाही. परिषदेचं पत्र संस्थेत पोचलं, विश्वस्तांनी विचारलं हे काय, आणि मुद्दल खात्यात जमा झालं. आपल्या संस्थेकडे एका छापखान्याची एवढी बाकी आहे, हे त्या विश्वस्तांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यावरून माझ्या लक्षात आलेली गोष्ट मला आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांपुढे ठेवायची आहे, कारण गावोगावच्या शाळा-दवाखान्यांचे विश्वस्त आपला अंक वाचतात. त्याच कायद्याचं कलम २२ सांगतं की ज्याच्या हिशोबाचं कुठल्याही कायद्याखाली लेखापरीक्षण होतं, अशा खरेदीदाराने वार्षिक हिशोबात सूक्ष्म-लघु पुरवठादारांची किती रक्कम आणि किती व्याज देणं राहिलं ते वेगळं दाखवायचं. सार्वजनिक न्यासांचं लेखापरीक्षण होतंच. मग ही ओळ ताळेबंदात असायला हवी. ती आहे का, हे विश्वस्तांनी आपल्या सीएला विचारावं. नसेल तर का नाही, हेही विचारावं. छापखानेवाल्याने प्रशासकाच्या खुर्चीसमोर तासभर बसून जे होत नाही, ते विश्वस्तांच्या सभेत एका प्रश्नाने होतं.

कुणी म्हणेल, कायद्याचं नाव काढलं की संस्था छोट्या लोकांकडून माल घेणंच बंद करतील. काही ठिकाणी असं झालंय, उद्यम नोंदणी नसलेला पुरवठादार शोधणारे आम्हालाही भेटले. पण दवाखान्याने रात्री आठ वाजता फोन केला की सकाळी हजार केसपेपर देणारा छापखाना गावातच लागतो. पुण्या-मुंबईचा मोठा प्रेस ते करत नाही. आमच्या गावातल्या छापखानेवाल्यांनी आता एक पद्धत पाडली आहे. एखादी संस्था एका प्रेसकडून उठून दुसऱ्याकडे आली, की दुसरा पहिल्याला फोन करून विचारतो, "तुमचा हिशोब पुरा झाला का?" दर ठरवायचा, गिऱ्हाईक वाटून घ्यायचं असला प्रकार नाही, एवढा एकच प्रश्न. बाकी आहे असं कळलं तर नवा माणूस निदान आगाऊ तरी घेतो. शिंपी, धोबी, डबेवाले यांनीही आपापसांत हे सुरू करावं.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे. महिन्यातला एक दिवस पुरवठादारांच्या पैशांसाठी ठरवा आणि तो स्टोअरच्या दारावर लिहून लावा. पैसे कमी असतील त्या महिन्यात सगळ्यांना थोडे थोडे द्या, पण त्या दिवशी द्या आणि उरलेले कधी ते सांगा. मोठ्या औषध कंपनीचं बिल दहा दिवस मागे गेलं तर तिचं काही अडत नाही, गाऊन शिवणाऱ्या बाईचं अडतं. लहान बिलं आधी सोडा. आणि पुढच्या विश्वस्त सभेच्या आधी लेखापालाकडून एक यादी मागवा: ४५ दिवस उलटून गेलेली सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची सगळी बिलं, रक्कम आणि बिलाची तारीख घालून, सगळ्यात जुनं बिल सगळ्यात वर.

आपली,
एक छापखानाचालक, मिरज

(नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. ज्या संस्थांचा उल्लेख आला आहे त्या ओळखू येऊ नयेत, म्हणून तो छापू नये ही विनंती.)